देशोदेशीचे साहेब

लाटणं बगलेत धरून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि बाबांनी तिला खाडकन सॅल्यूट ठोकला. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, नजर समोरच्या कॅलेंडरवर खिळली. आई हसून हसून उंबऱ्यावरच बसली. मी मात्र हसले नाही, कारण बाबांचा चेहरा मी पाहिला होता. आपला हात कधी वर गेला, हे त्यांचं त्यांनाच कळलेलं नव्हतं. ही गोष्ट मी नेहमी अशी मधूनच सुरू करते. नाटकं बसवणाऱ्या बाईला पडदा उघडल्या उघडल्या काहीतरी घडलेलं लागतं. मग माझी मुलगी म्हणते, 'आई, आधी घर दाखव, नाटक मागून.' तर आधी घर.

अमरावतीची पोलीस लाइन. एका ओळीत क्वार्टर, प्रत्येकात दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे मोरी आणि प्रत्येक ओसरीत उन्हाला ठेवलेली बुटांची एक जोडी. आमची सकाळ मुख्यालयाच्या मैदानावरच्या बिगुलानं व्हायची. बिगुलवाला रोज एका ठरावीक सुरावर घसरायचा आणि लाइनीतली तान्ही पोरं त्याच घसरलेल्या सुरावर बिनचूक रडायला लागायची. मागोमाग बँडचा सराव सुरू व्हायचा, मग बुटांच्या नालांचे आवाज. नुसत्या चालीवरून आई ओळखायची, 'इंगोले भाऊजी ड्यूटीवरून आले, आन आज साहेब खवळले दिसते.' रविवारी सगळी लाइन पितळ घासायला बसायची. बक्कल, बिल्ला, बटणं, सगळं चिंचेनं. त्या आंबट वासात आईच्या पातोडीच्या रश्श्याचा वास मिसळला की मला भूक लागायची, आणि खरं सांगते, आजही पितळ घासताना लागते. तांबडा तर्रीदार रस्सा, त्यात बेसनाच्या वड्या, शेजारी कळण्याची भाकर, ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. बाबा आधी बूट काढत, मग पाय धूत, मग मांडी घालून बसत. पहिला घास पोटात जाईपर्यंत ते एक अक्षर बोलत नसत. दुसऱ्या घासाला जग सुरू व्हायचं.

हे जग बाबांनी रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलं होतं. कुण्या निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून रद्दीत गेलेलं ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. कोणत्या देशात पोलीस कसे नेमतात, कुणाच्या हाताखाली असतात, कुणाची हद्द कुठे संपते, हे सगळं त्यात इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं देशवार दिलेलं. सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे ऑस्ट्रेलियापासून ब्राझीलपर्यंत आमच्या घरी पोलीसच नव्हते. बाबा मॅट्रिक झालेले. त्यांना मास्तर व्हायचं होतं, पण घरी धाकटी भावंडं होती आणि पोलीस भरती आधी निघाली. डिक्शनरी मांडीवर घेऊन ते रोज एका पानाचा अर्थ लावायचे, तो आपल्या सुरेख अक्षरात वहीत उतरवायचे आणि ताटावर बसले की आम्हाला शिकवायचे.

'इंग्लंड आन वेल्स मिळून,' बाबा घास गिळून म्हणायचे, 'त्रेचाळीस पोलीस दलं हायेत. प्रत्येकाचा मुख्य वेगळा. आन त्या त्रेचाळिसांच्या वर एक मोठा साहेब?' इथे ते अशी जागा सोडायचे की मी आजवर कुठल्याही नटाला ती शिकवू शकलेले नाही. 'नाईच!'

'मंग थो मुख्य सलूट कोनाले मारते?' आई विचारायची.

'तसा रोजचा कोनालेच नाई.'

'बिचाऱ्याचा खांदा आखडत असन.'

फ्रान्सात शहराला एक पोलीस दल आणि खेड्यांना दुसरं, तेही सैनिकी शिस्तीचं, बायकामुलांसकट लाइनीत राहणारं. हे ऐकल्यापासून आई फ्रान्सला 'आपल्यातले' म्हणायची. जर्मनीत प्रत्येक राज्याचे पोलीस वेगळे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्राचे निराळे आणि सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशाचे निराळे, तसेच. कॅनडात तर गंमतच. देशाचं एक घोडेस्वार दल आहे आणि बहुतेक प्रांतांनी तेच दल करारानं आपल्याकडे लावून घेतलेलं. ('मंडपवाल्यासारखं,' इति आई.) अमेरिकेत जिल्ह्याचा शेरीफ लोक मतं देऊन निवडतात, असं बाबा म्हणाले तेव्हा आईच्या हातातली भाकर हातातच राहिली.

'म्हंजे आपले ठाणेदार मतं मांगाले दारोदार फिरतीन?'

'तिकडं फिरते.'

'येऊ द्या मंग आपल्याही दारी. मी म्हनीन, विचार करून सांगतो.' आमच्याकडे बाईमाणूसही 'सांगतो'च म्हणतं, आणि आईच्या तोंडी ते शोभायचंही.

जपाननं मात्र घरात कलह आणला. 'तिकडं खेड्यातल्या चौकीतच पोलीस राह्यते,' बाबांनी सांगितलं. 'पुढं चौकी, मांगं घर. थो गस्तीवर गेला की बायको चौकी सांभाळते. लोकायले रस्ता सांगते, हरवलेली पिशवी लिहून घेते. सरकार तिले त्याचा भत्ता देते.'

आई जेवायची थांबली. 'तिले?'

'हाव.'

'बायकोले?'

'हाव ना.'

'आन मी इतके वर्सं तुमचं पितळ घासून राहिलो थे?'

बाबांनी ताटातली वांग्याची भाजी संपवली. त्या दिवसापासून जपान आमच्या घरात जरा जपूनच निघायचं.

पण बाबांना गंमतीपलीकडचं काहीतरी त्यात दिसायचं, आणि ते मला आत्ता कुठे दिसायला लागलंय. एकदा बूट घासता घासता ते म्हणाले, 'सीमा, पाह्य बाई, चोर सगळीकडं सारखाच. पन त्याच्या मांगं धावनाऱ्या मानसानं कोनाचं आयकाचं, हे हरेक देशानं आपापल्या डोक्यानं ठरवलं. कोनी म्हने राजाचं, कोनी म्हने राज्याचं, कोनी म्हने गावाचं. कोनीतरी बसून इचार केला असन ना?' दुसऱ्यानं केलेल्या विचाराचं त्यांना इतकं कौतुक होतं! स्वतः हवालदार, हाताखाली चार शिपाई, डोक्यावर मोजता येणार नाहीत इतके साहेब, आणि हा माणूस फ्रान्सची घडी किती छान बसवली आहे म्हणून खुश व्हायचा. मागे मी लंडनला गेले तेव्हा रस्त्यावरच्या एका पोलिसाला, बंदूक नसलेल्या, थांबवून माझ्या धेडगुजरी इंग्रजीत विचारलं, की तुमच्या सगळ्या दलांच्या वर एकच साहेब नाही, हे खरं ना? तो घाबरला. बाईचं काहीतरी हरवलंय असं त्याला वाटलं.

अकोल्याला माझे मामा राहायचे, त्यामुळे आमचं तिकडे येणं-जाणं असे आणि बडनेऱ्याच्या स्टेशनावर बाबांचा वर्ग उभ्यानं भरे. स्टेशनाच्या दाराबाहेर ते आम्हाला सामानासकट थांबवायचे. 'इथं आपन शहर आयुक्तायच्या हद्दीत हावो.' मग एक पाऊल आत. 'आता लोहमार्ग पोलीस. त्यायचे एसपी वेगळे. आन थे पाह्य, थे रेल्वेचं सोताचं सुरक्षा दल, थे दिल्लीचं.' गाडी सुटून शहर मागे पडलं की खिडकीतून, 'हे वावरं अमरावती ग्रामीणचे.' मूर्तिजापूरच्या अलीकडे जिल्हा बदलला की त्यांचा हात खिडकीबाहेर जायचा. 'अकोला जिल्हा सुरू!'

'हात आत घ्या,' आई म्हणायची. 'दोन एसपी अर्धा अर्धा वाटून घेतीन.'

असा हा बोलका माणूस. पण साहेब समोर आला की त्याची वाचा जायची. ठाण्यात सकाळची हजेरी घेण्याचं काम बाबांकडे होतं. ठाणेदार आले की सावधान उभं राहून रिपोर्ट द्यायचा. एकूण इतके, हजर इतके, बंदोबस्ताला इतके, रजेवर इतके, आजारी एक. तो रिपोर्ट ते खणखणीत द्यायचे, कारण त्यात त्यांचं स्वतःचं काहीच नव्हतं. त्यापलीकडे साहेबांशी त्यांनी आयुष्यात 'हो साहेब' आणि 'जी साहेब' याशिवाय तिसरं वाक्य उच्चारलेलं नसावं. आणि अशा माणसाला हवी होती ती अकोल्याच्या पोलीस प्रशिक्षणाच्या शाळेतली, शिकवणाऱ्या हवालदाराची जागा.

ती जागा बाबांसाठी काय होती, ते सांगते. कौंडण्यपूरच्या यात्रेचा बंदोबस्त करून ते घरी आले की आई परातीत मिठाचं गरम पाणी करायची, आणि त्यांचे पाय बुटातून निघायला इतका वेळ लागायचा की पाणी निवून पुन्हा तापवावं लागे. शाळेत बंदोबस्त नव्हता. पण पायांचं दुखणं त्यांनी कधी पुढे केलं नाही. त्यांना फळा हवा होता. भरती झालेल्या नव्या पोरांसमोर फळ्याजवळ उभं राहायचं, बस्स. आदल्या वर्षी ते चाचणीचा पाठ द्यायला गेले होते आणि 'जागा भरली' एवढंच सांगत परत आले होते. खरं काय झालं ते मला शेजारच्या इंगोले काकांनी सांगितलं. काकांना दुसऱ्याचं दुःख लपवता येत नसे.

'जागा कायची भरली? साहेब वर्गात आले तसा तुह्या बापानं सलूट ठोकला, आन तसाच उभा. साहेब म्हनते बोला, हा म्हनते हो साहेब. साहेब म्हनते सुरू करा, हा म्हनते जी साहेब. घंटा होईपर्यंत तेवढंच चाललं, माय!'

यंदा त्या शाळेत नवे प्राचार्य आले होते. त्यांनी जुने अर्ज काढून बाबांना पुन्हा एकदा बोलावलं. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की ही शेवटची संधी. वय वाढत होतं, यापुढे नाव घेतलं जाणार नव्हतं. पत्र आलं त्या दिवशी बाबा दुसऱ्या घासालाही बोलले नाहीत.

मी अकरावीत होते, नाटकाचं वेड नुकतंच लागलं होतं. मी जाहीर केलं की तालमी घ्यायच्या. आई साहेब होणार, बाबा पाठ देणार, मी दिग्दर्शक. साहेबांच्या बगलेत छडी असते, म्हणून आईला लाटणं दिलं. पुढचं तुम्ही वाचलंच आहे. आठ दिवस आम्ही झटलो. आईनं लाटणं ठेवून पाहिलं, पदर डोक्यावरून घेऊन पाहिलं, पाठमोरी उभी राहून पाहिलं. तिनं नुसता घसा खाकरला तरी बाबांच्या टाचा जुळायच्या. शेवटी ती रागावली. 'अवो, मी बायको होय तुमची! घरात माह्यावर कसे वरडता?'

'तवा तू साहेब नसतं.'

'मंग साहेबाले बायको समजा.'

बाबांनी त्यावर खरोखर विचार केला, तो चेहरा मला आठवतो. मग मान हलवली. 'नाई जमनार.'

माणूस सुधारेना, तेव्हा आम्ही नेपथ्य सुधारायला घेतलं. (नाटकवाले अजूनही हेच करतात.) आईनं एक जुनी पांढरी चादर काढली आणि तिच्यावर मी जग काढलं. समुद्राला कपड्यांची नीळ, जपानला कुंकू, भारताला हळद. जर्मनीला हिरवा रंग हवा, असं बाबांनी बजावलं, कारण तिथल्या पोलिसांचे कपडे हिरवे. तो मी शाळेच्या रंगपेटीतून दिला. (आता तिकडेही निळे झालेत म्हणतात. स्कॉटलंडची आठ दलं होती, त्यांचंही एकच करून टाकलं. बाबांच्या वहीत मी या दुरुस्त्या पेन्सिलीनं करून ठेवते.) आणि सगळ्या हद्दी बूट पॉलिशनं आखल्या, काळ्या. चादर कोण धरणार, कुठून बांधणार, हे आम्हालाच ठाऊक होतं. त्यामुळे बाबांच्या शेवटच्या संधीला आम्ही तिघंही निघालो. त्या दिवशी बडनेऱ्याला बाबांनी हद्दी सांगितल्या नाहीत. मूर्तिजापूर आलं नि गेलं, हात खिडकीबाहेर गेला नाही. आईनं चादरीची गुंडाळी मांडीवर धरली होती. एप्रिल होता, डबा नुसता तापलेला. अकोल्याला उतरून चादर उलगडली तर पॉलिश पातळ होऊन फ्रान्स सगळा जर्मनीत उतरला होता.

'होऊ द्या,' आई म्हणाली. 'शेजारी शेजारीच हायेत.'

शाळेचा वर्ग म्हणजे पत्र्याची एक लांबच लांब खोली होती. बाकांवर तीस-चाळीस नवी पोरं, बारीक कापलेले केस, खोबरेल आणि घामाचा वास. फळ्याजवळ एक खुर्ची, वर कुरकुरणारा पंखा. तिथल्या कारकुनानं आम्हा दोघींना शेवटच्या बाकावर बसवलं. 'साहेब उठले की उठाचं, साहेब बसले की बसाचं,' एवढीच सूचना. बाबांच्या आधी दोघांचे पाठ झाले. एकानं रायफलीचे भाग सांगितले, दुसऱ्यानं पंचनामा. दोघांचंही बरं झालं. पोरं उघड्या डोळ्यांनी झोपली होती. ती कला त्यांना पहिल्याच महिन्यात अवगत झालेली दिसत होती. प्राचार्य साहेब खुर्चीत ताठ बसून टिपणं घेत होते. उंच, चष्मेवाले, बोलणं पुण्याकडचं, छडी मांडीवर आडवी. दुसरा पाठ संपला आणि त्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले.

आणि आमच्या बाबांना कंठ फुटला! मी आणि आईनं चादर फळ्यावर बांधली, तेवढ्या अवधीत त्यांनी निम्म्या वर्गाला जागं केलं. 'तू कोनत्या गावचा रे? दर्यापूरचा? आन तू बाळापूरचा. बरं, तुह्या गावातून चोर पयाला आन ह्याच्या गावात लपला, तं धरन कोन?' पोरं हसायला लागली. 'हे पहिले तीन बाकं म्हंजे इंग्लंड. तुमच्यात कोनीच कोनाचा साहेब नाई. आन भिंतीकडचे दोन बाकं फ्रान्स, तुमी लाइनीत राह्यता, बायकापोरं घेऊन.' 'माह्यं लगन नाई झालं सर,' एक जण ओरडला. 'मंग तू शहराच्या दलात जाय!' सगळा वर्ग फुटला. आईनं माझा हात दाबला. बाबांना 'सर' म्हटलेलं आम्ही दोघी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तेवढ्यात दारात बूट वाजले. सगळा वर्ग उठला. बाबांच्या टाचा जुळल्या, हात वर गेला, नजर समोरच्या भिंतीवर रुतली. साहेबांनी सॅल्यूट घेतला, बसले. वर्ग बसला. बाबा तसेच.

'हं, करा सुरुवात.'

'जी साहेब.'

पंखा कुरकुरला. दर्यापूरचा पोरगा बाबांकडे आशेनं बघत होता.

'विषय काय आहे तुमचा?'

'हो साहेब.'

पुढच्या बाकावर कोणीतरी खुसफुसलं. आईनं डोळे मिटले. मी मनातल्या मनात त्यांना सगळा पाठ सांगत होते, अगदी ओठ हलवून. त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला येत होता, हेच तर असह्य होतं. बाबांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ निघाला आणि तो पुसायला त्यांचा हात उठला नाही, कारण सावधानमध्ये हात उठत नसतो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते रागावले नव्हते. पण समोर हवालदार सावधान उभा आहे आणि बोलत नाही, म्हटल्यावर त्यांच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, जे कुठल्याही साहेबाच्या तोंडून निघतं.

'हवालदार वानखडे, रिपोर्ट!'

आणि बाबांनी रिपोर्ट दिला. छाती पुढे, नजर भिंतीवर, आवाज परेड मैदानाचा. 'साहेब! इंग्लंड आणि वेल्स. एकूण दलं त्रेचाळीस, सर्व हजर! प्रत्येकास स्वतंत्र प्रमुख, हजर! सर्वांच्या वर एक साहेब, गैरहजर, साहेब! नेमलेलाच नाही!'

क्षणभर कुणाला काही कळेना. मग शेवटच्या बाकावर माझी आई फस्सकन हसली, आणि तिच्यामागोमाग चाळीस पोरं. बाबा हलले नाहीत. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या लक्षात आलं होतं. वरिष्ठांच्या इतकं चटकन लक्षात येतं, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी आवाज तसाच करडा ठेवला. 'फ्रान्स?'

'साहेब! एकूण दलं दोन. शहराकरिता एक, हजर. खेड्याकरिता सैनिकी शिस्तीचं एक, हजर. कुटुंबं लाइनीत, सुखरूप!'

'जर्मनी?'

'साहेब! राज्य तितकी दलं, सर्व हजर. हद्द...' बाबांची नजर पहिल्यांदाच भिंतीवरून निसटून चादरीवर गेली. 'हद्द प्रवासात विरघळली, साहेब!'

'अमेरिका?'

'साहेब! राज्याचं वेगळं, जिल्ह्याचं वेगळं, शहराचं वेगळं, गावाचंही वेगळं. मोजणी चालू आहे, साहेब!'

आजही अकोल्याच्या बाजारात एखादा पोट सुटलेला फौजदार मला ओळखतो आणि भर रस्त्यात टाचा जुळवून म्हणतो, 'ताई, मोजणी चालू आहे!' मग दोघं हसतो. तर त्या दिवशी कॅनडा झाला, इटली झाली. जपानच्या वेळी बाबांनी चौकीतल्या बायकोचा भत्ता 'अदा' असा रिपोर्ट दिला, त्यावर आईनं मागून 'ऐका' म्हटलं. शेवटी साहेबांनी विचारलं, 'भारत?' आणि बाबा थांबले. हे थांबणं वाचा गेल्याचं नव्हतं. ताटावर बसून जागा सोडायचे, तसलं होतं. 'साहेब, हा रिपोर्ट मोठा आहे. उभ्यानं देता येनार नाई.'

साहेबांच्या कपाळावर आठी आली की हसू, ते मला शेवटच्या बाकावरून नीट दिसलं नाही. ते म्हणाले, 'विश्राम.'

बाबांचे पाय वेगळे झाले, हात मागे गेले. पण एवढ्यानं काही होणार नव्हतं, विश्राम हीसुद्धा आज्ञाच. साहेबांनाही ते समजलं असावं. ते खुर्चीतून उठले. आम्ही उठायला लागलो तर त्यांनी हातानं बसवलं. टोपी आणि छडी खुर्चीवर ठेवून ते इंग्लंडच्या दुसऱ्या बाकाकडे गेले आणि त्या दर्यापूरच्या पोराच्या शेजारी बसले. पोरगा इतका सरकला की अर्धा हवेत राहिला.

'चालू द्या,' साहेब म्हणाले.

फळ्याजवळची खुर्ची आता रिकामी होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं. मागे बांधलेले हात सुटले. त्यांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला, नीट, कानामागूनसुद्धा. आणि खडू उचलला.

मग जे झालं ते मी पुष्कळदा ऐकलेलं होतं, पण बसून. उभ्यानं, चालत, फळ्याशी सलगी करत बोलणारे बाबा मी कधी पाहिले नव्हते. पोलीस हा आपल्याकडे राज्याचा विषय का, राज्याची परिक्षेत्रं, परिक्षेत्रात जिल्हे, जिल्ह्यात ठाणी, ठाण्याखाली गावोगावचे पोलीस पाटील. शहर मोठं झालं की आयुक्त कसे येतात, रुळावर हद्द कशी बदलते. बोलता बोलता भाषा पुस्तकातून उतरून आमच्या ताटावर आली. 'पाह्य रे पोरांनो, तुमी उद्या कुठंतरी ठाण्यात जासान. तवा वाटन, आपन येकटेच हावो. येकटे नाई. तुमच्या वर अमरावतीपर्यंत, मुंबईपर्यंत कोनीतरी हाये, आन खाली गावातला पाटील हाये. आन फ्रान्सात, जपानात तुमच्यासारखाच येक पोरगा आत्ता बूट घालून राहिला.' कुणी खुसफुसत नव्हतं. आई पदर तोंडाशी धरून ऐकत होती, जणू यातलं काहीच तिनं कधी ऐकलेलं नव्हतं.

आणि मधेच दुसऱ्या बाकावरचा एक हात वर गेला. साहेबांचा. वर्गातल्या रीतीप्रमाणे ते उठून उभे राहिले.

'सर,' ते म्हणाले, 'एक शंका आहे.'

समोर साहेब उभे होते आणि बाबांचा उजवा हात, खडूसकट, आपोआप वर निघाला. खांद्यापर्यंत आला. मी शेवटच्या बाकावर अर्धी उठले होते. तिथे तो थांबला. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग तोच हात सावकाश खाली करत त्यांनी बाकाकडे खूण केली, मास्तर करतात तशी.

'बसा,' बाबा म्हणाले. 'बसूनच विचारा.'

आणि साहेब बसले.